दुधरामचं गाठोडं

दवनीवाड्याच्या दुधरामला वस्तू पसरून ठेवलेली खपत नसे. घरात शिरलं की आधी त्याचे हात चालू व्हायचे. दोरी दिसली की तिची गुंडी, पोतं दिसलं की त्याची घडी. बायकोचं, धुरपताचं वाळत घातलेलं लुगडंसुद्धा तो अर्धवट ओलं असताना काढून घडी घालायचा आणि मग ते कुबट वास मारायचं. धुरपता ओरडायची, तो ऐकून घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ही सवय त्याला बापाकडून आली होती. मालगुजारीच्या, म्हणजे गावच्या जमीनदारीच्या, दिवसांत अंगणात जे दिसेल ते मालगुजाराकडून मागितलं जाई. गाडी दिसली की गाडी, बैल दिसले की बैल, माणूस रिकामा दिसला की माणूस. म्हणून दुधरामच्या बापानं सगळं लहान करून, दुमडून, कोपऱ्यात ठेवायला शिकवलं होतं. दुधराम चालायचाही तसाच, भिंतीच्या कडेनं, खांदे आत घेऊन. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला, मासळीचा लिलाव व्हायला लागला. दुधराम मात्र भिंतीच्या कडेनंच चालत राहिला.

त्याला एकच नाद होता, गळ टाकायचा. धानाची कापणी-मळणी उरकली की तो तलावाच्या पारीवर, बांधावर, जाऊन बसे. धुरपता म्हणायची, "त्या पान्यातल्या माशाशी बोलतात, घरात तोंड उघडत नाही." पण तो मासा घेऊन आला की तीच आधी पाटा धुवायला घ्यायची.

एकुलत्या एका मुलीचं, प्रेमिलाचं लग्न त्यानं देवरीकडच्या केशोरावांच्या घरी केलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या पंगतीसाठी दुधरामनं स्वतः गळानं पकडलेला मोठा रोहू होता. त्यांच्यात अशी रीत, की त्या पंगतीत रोहूचं डोकं वेगळ्या द्रोणात घालून मुलाच्या बापापुढे ठेवायचं. व्याह्याचा, त्यांच्या बोलीत 'याही'चा, मान तो. सगळ्या पंगतीला ठाऊक असतं, म्हणून कुणी बोलून दाखवत नाही. फक्त द्रोण कुठं जातो ते सगळे बघतात.

दुधराम द्रोण दोन्ही हातांत धरून निघाला. पंगतीच्या टोकाला जुने मालगुजार ईश्वरदास बसले होते. मालगुजारी जाऊन वर्ष झालं होतं, पण त्यांना बोलावल्याशिवाय लग्न कसं करायचं? आणि दुधरामचे पाय, जे जन्मभर प्रत्येक मोठ्या माशाचं डोकं त्या घरी पोचवत आले होते, ते केशोरावांसमोरून पुढे गेले. त्यानं द्रोण ईश्वरदासांपुढे ठेवला, हात जोडले. सैपाकघराच्या दारातून धुरपतानं ते पाहिलं. बायकांच्या दारातून भर पंगतीत हाक कशी मारणार? ती पदर दातात धरून उभी राहिली.

ईश्वरदासांनी डोकं आवडीनं खाल्लं. "मीठ बरोबर पडलं," म्हणाले. केशोरावांनी पाठीचा तुकडा खाल्ला, भात मागून घेतला, पान स्वच्छ केलं, काही बोलले नाहीत. तिथंच सगळं फिसकटलं.

प्रेमिलाला सासरी पहिल्या आठवड्यातच ते कळलं. सासू भात वाढताना म्हणायची, "तुह्या बापाले आमी दिसलोच नाही न वो. बसायची जागा चुकली आमची." पोळ्याला तिला माहेरी पोचवलं. न्यायला कुणी आलं नाही. पुढचा पोळाही गेला. मुलगी आपल्या पायानं सासरी जात नाही, तिला घ्यायला यावं लागतं. प्रेमिला माहेरी राहून रोवणी-निंदणी करत होती. गावातल्या बायका बोडीवर, लहान तळ्यावर, विचारायच्या, "काऊन वो प्रेमिला, माहेर लईच गोड लागून राहिलं?" ती हसायची. हसून हसून तिच्या तोंडावर एक घडी पडली होती.

चोपन्न सालच्या शिवरात्रीच्या आधी दुधराम चिन्नोर तांदळाचं पोतं घेऊन गोंदियाला गेला. भैय्यालाल दुकानदार त्याच्याकडून दरवर्षी तांदूळ घ्यायचा. तांदूळ हातावर चोळून बघता बघता भैय्यालाल म्हणाला, "दुधरामभाऊ, तुमचे समधी मिले थे. देवरीवाले. शिवरात्रीले नागऱ्याच्या देवळात येऊन राहिले. बोले, दर्शन झाल्यावर दुसरे दिन दवनीवाड्याले जायेंगे. घर पे रहना."

"आनखी काय म्हनले?"

"इतनाच बोले. अरे, और क्या बोलेंगे? बहू को लेने आ रहे होंगे."

दुधराम बराच वेळ पोत्याच्या तोंडाची सुतळी गुंडाळत उभा राहिला. मग म्हणाला, "मले रोहू पाहिजे."

"बजार में देख लो."

"बजारचा नाही चालत. याही म्हनतील, बजारची मच्छी आमालेबी भेटते."

डोकं द्यायचं तर आपल्या तलावातल्या, आपल्या हातानं काढलेल्या माशाचं. आणि तसा मासा मिळणं आता सोपं नव्हतं. लिलाव घेणाऱ्या ठेकेदाराच्या जाळ्यांनी तलाव खरवडून नेला होता. काही जुने रोहू तुडुमाजवळ, शेतात पाणी सोडायच्या दाराशी, खोल डोहात उरले होते. दिवसा घाटावर धुणं आणि म्हशी, तेव्हा ते हलत नसत. गळाला लागले तर रात्री, आणि तेही त्याच जागेवर रोज चारा टाकून त्यांना सवय लावली तर. म्हणजे पारीवर रात्री काढाव्या लागणार. दुधरामची छाती मुळातच अधू. थंडीत खोकला सुरू झाला की घरभर कुणी झोपत नसे.

घरी सांगितल्यावर धुरपता आनंदानं रडली, आणि डोळे पुसायच्या आधीच म्हणाली, "उघड्यावर बसायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. डोक्यावर काही असंन तरच जा."

डोक्यावर काय, हा मोठा प्रश्न होता. दुधरामनं मनात एकेक आणून पाहिलं. फांद्यांचा मांडव करता आला असता, पण ठेकेदाराचा राखणदार उदाराम पारीवर खुंटा ठोकू देत नसे. जुन्या चालीप्रमाणे ज्याचा खुंटा त्याची जागा. एकानं ठोकला की गावभर ठोकतील, ही ठेकेदाराची धास्ती. दुधराम त्याला विचारायला गेला तेव्हा उदाराम म्हणाला, "गळ टाक, कोनी नाही म्हनत नाही. पन खुंटा नाही, चूल नाही, कंदील नाही. सकारी उठलास की तू बसला होतास हे दिसलं नाही पाहिजे."

"दिसनार नाही," दुधराम म्हणाला. हे त्याला जमण्यासारखं होतं.

पावसाळ्यातलं पानांचं इरलं होतं, पण वाळलेली पानं वाऱ्यानं कडकड वाजतात आणि रोहू काठाचा आवाज फार ऐकतो. छकड्यावरचा टप चांगला, पण तो न्यायला छकडाच हवा. म्हणून भैय्यालालच्या दुकानात त्याची नजर ज्या वस्तूवर पडली होती, तिच्यासाठी तो पुन्हा गोंदियाला गेला. लढाई संपल्यावर पलटणीचा जुना माल बाजारात आला होता. त्यातलं एक हिरवट जाड कापड भैय्यालालकडे कोपऱ्यात पडून होतं.

"पलटन का माल है," भैय्यालाल म्हणाला. "गोरे लोक इसके नीचे सोते थे. थोडा पुराना है, पानी झरते. अळशी का तेल पिलाओ. फिर पानी क्या, हवा भी नहीं जायेगी."

अळशीचं, म्हणजे जवसाचं तेल. ते दुधरामच्या घरचंच होतं. धानानंतर त्याच बांधीत जवस टाकायचे आणि गावच्या घाण्यावर तेल काढून आणायचे.

दुधराम कधी नव्हे इतका खुलला. त्यानं बांबू चिरून चार लवचिक कांब्या काढल्या. दोन-दोन कांब्या वाकवून, टोकं एका दोरीनं ताणून बांधली की कमानी उभ्या राहत. खुंटा नको, काही नको. वर कापड टाकायचं. आत एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसेल एवढी जागा. सकाळी दोरी सोडली की कांब्या सरळ व्हायच्या आणि सगळं खांद्यावर यायचं. अंगणात त्यानं ते उभं करून दाखवलं आणि स्वतः आत जाऊन बसला.

"कासव दिसून राहिले," धुरपता म्हणाली.

प्रेमिला खळखळून हसली. कित्येक दिवसांत तिचं तसं हसू घरात ऐकू आलं नव्हतं. ती वाकून आत बघत म्हणाली, "बाबा, पाय कुठं ठेवाल? मासा लागला तर आधी तुमालेच बाहेर ओढा लागंन."

बाकीचं सामानही त्यानं असंच नेमकं निवडलं. पिळाची सुती दोरी, चार गळ, शिशाचा गोळा. अंधारात तरंग दिसत नाही म्हणून बैलाच्या माळेतलं एक घुंगरू, दोरीला बांधायला. मोहाच्या चोथ्यात मळलेला कोंड्याचा चारा, आणि आमिषाला भाताचे घट्ट गोळे. एक घोंगडं. जास्तीचं एकही काही नाही. सगळं एका गाठोड्यात मावलं पाहिजे.

प्रेमिलानं आपली पेटी काढली. लुगडी उन्हात घालून, झटकून, पुन्हा भरली. तिला खरोखर जायचं होतं की नाही, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं ते काही नव्हतंच.

काही रात्री दुधराम तेल न लावता, नुसत्या कापडाखाली बसून चारा टाकून आला. दवानं कापड झिरपायचं, तो सकाळी ठिबकत यायचा, पण डोळे चमकत असायचे. "येऊन राहिलेत," एवढंच सांगायचा. मग शिवरात्र जवळ आली तसं आभाळ भरलं. माघातला पाऊस येणार असं दिसल्यावर त्यानं कापडाला तेल पाजलं. तांब्यानं ओतून, फडक्यानं चोळून, दोन्ही अंगांनी. कुंपणावर टाकलं. ऊन नव्हतंच. दुपारभर ते नुसतं चिकट राहिलं. संध्याकाळी पहिला गडगडाट झाला आणि दुधरामनं ते ओढून आत आणलं.

"बाबा, पसरून ठेवा न घरात," प्रेमिला म्हणाली. "अजून चिपकून राहिलं हाताले."

"पसरल्यावर डोळ्यावर येते."

"कोनाच्या डोळ्यावर? घरात कोन येऊन राहिला?"

त्यानं कापड जवळ ओढलं. कापडाची घडी, घडीवर घडी. मध्ये दोरी, गळ, घुंगरू, कोंडा. गुडघा देऊन दाबलं, सुंभानं करकचून आवळलं. कांब्या दाराशी ठेवल्या आणि गाठोडं तणसीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, खोलीत, उबेला, तणसीत खुपसून ठेवलं. तिथंच प्रेमिलाची पेटी होती. त्या रात्री पाऊस पडून जाऊ द्यायचा आणि दुसऱ्या संध्याकाळी निघायचं, असा त्याचा बेत.

जवसाचं तेल पाजलेलं कापड न वाळवता दाबून बांधलं की ते आतल्या आत तापत जातं आणि ठिणगीशिवाय जळतं. ते त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. पुढेही कधी कळलं नाही.

सकाळी धुरपताला करपल्याचा वास आला. तिनं चुलीवरचं भांडं पाहिलं, चूल पाहिली. मग तणसीच्या खोलीतून निळसर धूर येताना दिसला. दुधरामनं गाठोडं बाहेर ओढलं तेव्हा ते विटेसारखं गरम होतं. तणीस नुकतीच धुमसायला लागली होती. तिच्यावर पाणी ओतलं. अंगणात सुंभ तोडलं तर आत सगळं काळं. वरच्या एक-दोन घड्या हिरव्या, आणि त्यांच्या पोटात कापडाचे पापडासारखे तुकडे. दोरीची राख. गळ काळे पडलेले, ओढले की सरळ होत होते. घुंगरू तेवढं शाबूत होतं.

दुधराम उकिडवा बसून एकेक घडी उलगडत राहिला, जणू कुठल्यातरी घडीत काहीतरी वाचलेलं सापडेल.

धुरपतानं एक काळा तुकडा बोटांत चुरून पाहिला. मग ती प्रेमिलाकडे वळली. "रात्री तणसीच्या खोलीत कोन गेलतं?"

"मी. केस विंचरून पेटीत काकई ठेवायले."

"दिवा घेऊन?"

"अंधारातच. माय, काय म्हनून राहिली तू?"

"आतून जळलं. आतून. निखारा घडीत आपल्या पायानं गेला काय?" धुरपताचा आवाज चढला. "तुले जायचं नाही तं तसं सांगायचं होतं. बापाचं कायले जाळलं?"

प्रेमिलानं आईकडे पाहिलं, मग बापाकडे. बाप काही म्हणेल म्हणून ती थांबली. दुधराम खाली बघून राख झटकत होता. त्यानं जन्मात कधी वरच्या आवाजापुढे आपला आवाज घातला नव्हता, आणि त्या सकाळीही घातला नाही.

प्रेमिला आत गेली. पण दुपारी तिनंच पाटणीवरचं जुनं इरलं खाली काढलं. भोकं होती तिथं माहुलाची पानं ठेवून काड्यांनी टाचली. मग घरातला सण, म्हणजे तागासारखा वाख, काढून मांडीवर पीळ देत बसली. मांडी लाल होईपर्यंत दोरी वळली. एक गळ दाराच्या चौकटीत टोचलेला सापडला. धुरपता चुलीशी बसून हे सगळं बघत होती. तिच्या मनातला निखारा मात्र विझला नाही.

"राहू द्या जी," संध्याकाळी ती दुधरामला म्हणाली. "आभाळ पाहा."

"डोकं पाहिजे," तो म्हणाला.

पाऊस पुढच्या दोन्ही रात्री पडला; दुसरी रात्र शिवरात्रीचीच होती. दुधराम इरल्याखाली बसला. इरल्यानं उकिडव्या माणसाची पाठ झाकते, पण बूड आणि पाय उघडेच राहतात. पहिल्या सकाळी तो रिकाम्या हातानं, निळ्या ओठांनी आला. धुरपतानं शेकोटी केली, तिखट काढा दिला, खोकला ऐकून कपाळावर हात मारला. दुसऱ्या सकाळी त्याच्या खांद्यावर मासा होता.

रोहूच. हातभर लांब, तांबूस खवल्यांचा, डोकं जाड. दुधरामला धड उभं राहवत नव्हतं. तो दाराला टेकून म्हणाला, "घुंगरू वाजलं," आणि लहान मुलासारखा हसला. अंग तापलेलं होतं. धुरपतानं माशाला आणि नवऱ्याला एकदमच आत घेतलं.

त्या दिवशी घरात परत उत्साह आला. धुरपतानं पाट्यावर मसाला वाटला. जवस, लसूण, सुकी मिरची. प्रेमिलानं नवं लुगडं नेसलं. धुरपतानं तिची वेणी घातली आणि घालताना एकदा तिच्या मानेवर हात ठेवून थांबली. माफी मागण्याच्या इतक्या जवळ ती कधी आली नव्हती. पण मागितली नाही. डोकं वेगळं शिजवलं, नवा द्रोण लावला, वर दुसरा द्रोण पालथा घातला.

केशोराव दुपार कलताना आले. छकडा दारात उभा राहिला, पण बैल सोडले नाहीत. धुरपताचं लक्ष आधी तिकडेच गेलं. ते ओसरीवर बसले, जोडा पायातच होता. प्रेमिलानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, पाया पडली. त्यांनी पाणी घेतलं.

"बरी आहेस?"

"हो जी."

ती आत गेल्यावर ते म्हणाले, "दुधरामजी, तुमाले ताप दिसते."

"काही नाही याही, थंडी होय. हात-पाय धुवा. पान घेतलंच आहे. रोहू आहे. आपल्या तलावातला, मीच काढला." दुधरामला बोलताना धाप लागत होती. "डोकं तुमच्यासाठी राखून ठेवलं."

केशोरावांनी तांब्या बाजूला सारला. मग म्हणाले, "ते डोकं आता कायले जी?"

"नाही, त्या दिवशी माह्या हातून..."

"त्या दिवशी मी बोललो का काही? आजबी नाही बोलून राहिलो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "पोरानं दुसरी आनली. संक्रांतीले. आमच्या नात्यातलीच आहे. तुमी वाट पाहून राहिले असान, म्हनून देवाच्या वाटेनं आलो तं सांगून जावं म्हटलं. निरोप धाडनं बरं दिसत नाही."

सैपाकघराच्या दारात धुरपता उभी होती, दोन वर्षांपूर्वी पंगतीच्या वेळी उभी होती तशीच. या वेळी तिनं हाक मारली. "याही, पोरीचं काय चुकलं?"

"पोरीचं काय चुकते बाई," केशोराव उठत म्हणाले. "पोरगी चांगली आहे."

छकडा वळला. गल्लीच्या वळणापर्यंत बैलांच्या माळा वाजत राहिल्या.

कुणी जेवलं नाही. थोड्या वेळानं दुधराम उठला. डोक्याला दुपट्टा गुंडाळला, आत गेला आणि झाकलेला द्रोण दोन्ही हातांत धरून बाहेर आला.

"कुठं चालले जी?" धुरपतानं विचारलं.

"ईश्वरदासजीकडे," तो म्हणाला. "डोकं देऊन येतो. राहून खराब होईल."

धुरपतानं तोंड उघडलं. तिला पुष्कळ बोलता आलं असतं. पण तापानं लाल झालेला त्याचा चेहरा, आणि द्रोण सांडू नये म्हणून जपून धरलेले ते हात पाहून ती वाटेतून बाजूला झाली. तो खोकत, भिंतीच्या कडेनं, खांदे आत घेऊन गेला. त्या पावसानं त्याच्या छातीत जे धरलं ते पुढे सुटलं नाही. दोन हिवाळे त्यानं कसेबसे काढले. गळ पुन्हा चौकटीत टोचून ठेवला होता, तो त्यानं परत काढला नाही.

त्या दिवशी तो दिसेनासा झाल्यावर धुरपता मागे वळली तेव्हा प्रेमिलानं पेटी अंगणात आणली होती. एकेक लुगडं काढून ती कुंपणावर टाकत होती. लग्नातलं हिरवं, हळदीचं पिवळं, सासूनं दिलेलं जांभळं. सगळं कुंपण भरलं.

"हे कायले?"

"धुराचा वास येते."

"मंग परसात टाक. इथं लोक पाहून राहिले."

"पाहू दे."

शेजारच्या दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. धुरपता कुंपणाजवळ गेली. लुगड्याचं टोक हातात घेतलं, घडी घालायला म्हणून, आणि तिला विचारायचं होतं ते ओठांवर आलं. निखारा तूच ठेवलास का वो? आता त्याचं उत्तर काहीही आलं असतं तरी चाललं असतं. पण प्रेमिलानं तिच्या हातातून ते टोक काढून घेतलं, लुगडं झटकलं आणि पुरतं पसरून टाकलं.